तुमचा पेशंट हलतोय

“बाई, तुमचा पेशंट हलतोय.”

डॉ. मुकुंद वर्तक माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही, काही नाही. मी तेव्हा फरीदाबादला नवीन होते. नवऱ्याची बदली इथल्या कारखान्यात झाली आणि मी नाशिकची चांगली चालती प्रॅक्टिस सोडून, मनातल्या मनात चरफडत, मथुरा रोडवरच्या एका मध्यम हॉस्पिटलात भूल देण्याचं काम धरलं. पहिल्या दिवशीची पहिलीच केस वर्तक सरांची. पेशंटच्या डोक्याशी मी, पोटाशी सर, मध्ये हिरवी चादर. आणि त्या चादरीपलीकडून हा आहेर.

आता भूल देणाऱ्या माणसाला हे वाक्य म्हणजे स्वयंपाकिणीला मीठ विसरलात म्हणण्यासारखं. माझा पेशंट हलत नव्हता. मी दिलेल्या औषधानंतर त्याची पापणी हलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “सर, हलत नाहीये. मशीन त्याला श्वास देतंय, त्याने पोट वरखाली होतंय.”

“मग देऊ नका.”

“श्वास?”

“हो. मी सांगेपर्यंत.”

नळ बंद करा म्हणावं इतक्या सहज म्हणाले. शेजारची सिस्टर हसली, कारण तिला हे पाठ होतं. मी मशीन थांबवलं. चादरीवरून डोकावले तर सरांची सुई झपझप, झपझप चालली होती, आणि मॉनिटरने तक्रार करायच्या आत सर म्हणाले, “चालू.” मग पुन्हा थोड्या वेळाने, “थांबवा.” पुन्हा झपझप. “चालू.” असं करत करत त्यांनी एका माणसाचा फाटलेला पडदा शिवून काढला. मी आयुष्यात इतकं सुंदर शिवणकाम पाहिलं नव्हतं. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सर्जनला चांगलं म्हटलं की तो जन्मभर डोक्यावर बसतो.

पडदा म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला तो स्नायू. पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात, पण सरांच्या तोंडी पडदाच. पालथ्या वाटीसारखा असतो. वर हृदय आणि फुप्फुसं, खाली जठर, आतडी, यकृत. माणूस मोटारसायकलवरून आपटला किंवा स्टिअरिंग पोटात घुसलं की पोटातला दाब असा वाढतो की ही वाटी फाटते, बहुतेक वेळा डावीकडे, कारण उजवीकडे यकृताची उशी असते. मग खालचं बिऱ्हाड वर राहायला जातं. जठर फुप्फुसाच्या जागेत जाऊन बसतं. आणि गंमत अशी की कितीतरी वेळा हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मोडलेलं हाड ओरडतं, वाहणारं रक्त दिसतं. पडदा आपला गुपचूप फाटून पडलेला असतो. माणूस घरी जातो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, जेवल्यावर धाप लागते म्हणून परत येतो.

सरांचा सगळा जीव या पडद्यात. बाकी शस्त्रक्रिया ते करत, उत्तम करत, पण पोळ्या लाटाव्यात तशा. अपघाताचं पोट उघडलं की दुसरं काहीही सापडो, पडद्याला दोन्हीकडून हात लावल्याशिवाय पोट बंद करायचं नाही, हा त्यांचा कायदा. “लावला का?” एवढंच विचारायचे. कुणी “सर, सीटी में तो नॉर्मल था” म्हणालं की संपलं. “सीटी को हात है क्या?” सर विचारायचे. दिल्लीकडे इतकी वर्षं काढूनही सरांचं हिंदी सांगलीच्या स्टँडवरून पुढे सरकलं नव्हतं.

माणूस दिसायला अगदी साधा. ठेंगणे, टोपीबाहेर आलेले मोठे कान, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पायात वर्षानुवर्षं त्याच चपला. मुलगी पुण्याला असायची. मुलगा गुरुग्रामला कुठल्या तरी उंच टॉवरात राहायचा, तो दर रविवारी बोलवायचा आणि सर दर रविवारी टाळायचे. “तिथे गेटवर मला विचारतात, अंकल, किससे मिलना है? आणि वर मुलगा विचारतो, बाबा, कशाला आलात?” असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. सुधाकाकू, त्यांच्या पत्नी, मागून म्हणायच्या, “खोटं बोलतात हो. मुलगा बिचारा गाडी पाठवतो. यांना हॉस्पिटलपासून लांब गेलं की करमत नाही, यार.” काकू दिल्लीतच जन्मलेल्या, करोल बागेतल्या. त्यांच्या तोंडी ‘यार’ शोभायचं.

राजम्याची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलातून एक पेशंट आमच्याकडे पाठवला. ट्रॅक्टरखाली आलेला, पलवलकडचा. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, छातीत डावीकडे काळा मोठा फुगा दिसला, फुप्फुसाभोवती हवा साठली असं ठरवून बरगड्यांमधून नळी घातली. आता हवा साठली असेल तर नळीतून हवा यावी. नळीतून राजमा आला. पेशंट आमच्याकडे पोहोचला तो छातीतली नळी आणि खाली बाटली घेऊन, आणि बाटलीत दुपारचं जेवण. सरांनी बाटली उजेडाकडे धरली, निरखून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, “ह्या फुप्फुसाला राजमा आवडतो वाटतं.”

मग मात्र चपळाईने त्याला टेबलावर घेतलं. फाटलेल्या पडद्यातून जठर वर गेलेलं, त्याच्यातच नळी. छाती धुण्यातच कितीतरी वेळ गेला. तो माणूस वाचला, पण बरा व्हायला त्याला फार सोसावं लागलं, आणि सर आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्यानंतर नवा नियम निघाला. छातीत नळी घालण्याआधी छिद्रातून स्वतःचं बोट आत फिरवून बघायचं. नवा रेसिडेंट घाबरत घाबरत बोट घालायचा. “क्या लगा?” “सर, कुछ नरम-सा है.” “नरम-सा क्या? फुप्फुस है की कल का खाना है? पूछो उसको!” आमच्याकडच्या मुलांनी सरांना किती शिव्या घातल्या असतील देव जाणे, पण त्यांच्या हातून राजमा कधी निघाला नाही.

आणि हे वेड हॉस्पिटलच्या दारात थांबेल तर शपथ. फरीदाबादच्या मराठी मंडळाने एका गणपतीत त्यांना भाषणाला बोलावलं. विषय दिला होता, साठीनंतरचं आरोग्य. समोर सगळे निवृत्त लोक, गुडघे चोळत बसलेले. सर उभे राहिले आणि म्हणाले, “गुडघ्याचं काय घेऊन बसलात? गुडघा दुखतो, पण जागेवर असतो. पडदा बघा.” झालं. सगळ्यांना बरगड्यांखाली हात धरायला लावले आणि श्वास घ्यायला लावला. अध्यक्षांना आरतीच्या ताटाशेजारी टेबलावर आडवं केलं आणि कुठपर्यंत काय असतं ते त्यांच्या सदऱ्यावर बोटाने काढून दाखवलं. अध्यक्षांना गुदगुल्या होत होत्या. ते हसले की सर म्हणत, “हां, बघा, बघा, कसा हलतो!” शेवटी त्यांनी सांगितलं की जुना अपघात असेल आणि जेवल्यावर डावा खांदा दुखत असेल तर दुर्लक्ष करू नका. पुढचे आठ-दहा दिवस अख्ख्या मंडळाचा डावा खांदा दुखत होता. फोन सगळे मला. सरांना कोण करणार?

मी मात्र हळूहळू त्यांच्या प्रेमात पडले म्हणजे पडलेच. भांडायचे त्यांच्याशी रोज. “सर, ऑक्सिजन उतरतोय, चालू करते.” “एक टाका.” “नाही.” “एक टाका, बाई!” “सर, तो पेशंट माझाही आहे.” “अर्धा तुमचा. पडद्याच्या वरचा.” केस संपली की स्वतः कॅन्टीनला फोन करून माझ्यासाठी ब्रेड पकोडा मागवायचे आणि मग माझ्या वजनावर टीका करायचे.

मग आमचं हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीने घेतलं. फरशी बदलली, गणवेश बदलले, रिसेप्शनला सुगंध आला. नवे डायरेक्टर आले, गोड बोलणारे, मॅडम मॅडम करणारे. त्यांना कुठून तरी कळलं की आपल्याकडे पडद्याचे एवढे जुने जाणते सर्जन आहेत. लगेच फोटोवाले बोलावले. सरांना पांढरा कोट चढवला, हाताची घडी घालायला लावली. फोटोवाला म्हणाला, “सर, थोड़ा स्माइल.” सर म्हणाले, “मेरा लग्न है क्या?” तरी होर्डिंग झालंच. बदरपूरकडून येताना लांबून दिसायचं. भलेमोठे वर्तक सर आणि खाली लिहिलेलं, ‘आपकी सुरक्षा, अनुभवी हाथों में’. हाताची घडी असल्यामुळे हात तेवढे दिसत नव्हते.

आणि नेमके त्याच सुमारास ते हात बिघडले.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर माझ्या. चादरीच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, मॉनिटर आणि सर्जनचे हात. सरांचं “थांबवा” आणि “चालू” यांच्यामधलं अंतर वाढायला लागलं. पूर्वी मॉनिटर गप्प असायचा, आता तो ओरडायचा आणि मी ओरडायचे. “सर, चालू करते!” “थांबा हो, पेशंट हलतोय.” मी बघायचे. पडदा स्थिर. मशीन बंद. हलत होती ती सुई. अगदी बारीक, पानावरचं पाणी थरथरावं तशी. मला आधी वाटलं, मलाच भास झाला. मग वाटलं, झोप झाली नसेल. माणूस आपल्या माणसाच्या बाबतीत किती सबबी शोधतो!

सरांनीही सबब शोधली होती, आणि ती फारच हुशार होती. पडद्याचा डावा भाग हृदयाला लागून असतो. श्वास थांबवला तरी हृदय वरून धडका देतच असतं, त्यामुळे पडदा थोडा थरथरतो, हे खरंच आहे. सर म्हणायचे, “हृदयाची धडक येते बघा सुईवर.” जगातल्या सगळ्या सर्जनांना ही सबब मिळत नाही. सरांना ती देवाने आयती दिली होती.

त्यातली उलटी तऱ्हा बघा. बाकीच्या शस्त्रक्रिया त्यांनी एकेक करून निधीला देऊन टाकल्या. डॉ. निधी म्हणजे आमची दुसरी सर्जन, पलवलजवळच्या गावातली, सरांच्या हाताखाली तयार झालेली, हाताने अत्यंत स्वच्छ. पित्ताशय निधीकडे, हर्निया निधीकडे. “किरकोळ काम है, तू कर.” सगळ्यांना वाटलं, सर मोठ्या मनाचे. पण पडदा मात्र सोडला नाही. “पडदा माझा.” म्हणजे जिथे हात थरथरला तरी चाललं असतं ते सगळं सोडलं, आणि जिथे सुई जरा खोल गेली की थेट हृदयात जाईल, तेवढं एक धरून ठेवलं. निधी मला चेंजिंग रूममध्ये म्हणायची, “मॅम, सर मुझे वो एक टाँका भी नहीं लगाने देते.” मी म्हणायचे, “देंगे, देंगे.”

एकदा मी सरांना लिफ्टमध्ये गाठलं. दोघंच होतो. म्हटलं, “सर, हात एकदा न्यूरोवाल्यांना दाखवून घ्या.”

“कुणाचा?”

“तुमचा.”

सर लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचं काम डोक्याशी. हातांकडे बघू नका.” दार उघडलं आणि ते चालू लागले. त्या दिवशी ब्रेड पकोडा आला नाही.

मग मी डायरेक्टरांकडे गेले. सरळ सांगितलं की सरांचा हात हलतो, त्यांना पडद्याच्या केसेस देऊ नका. ते खूप काळजीने ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, बिल्कुल सही बात है. लेकिन अभी होर्डिंग लगा हुआ है ना.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाही, बरोबर ऐकलं होतं. होर्डिंगची मुदत संपली की मग ‘ग्रेसफुली’ काहीतरी करू, असं त्यांचं म्हणणं. तोपर्यंत कुणाचा पडदा फाटू नये एवढी प्रार्थना करायची, दुसरं काय! मी तिथल्या तिथे सांगितलं की यापुढे सरांच्या पडद्याच्या केसला मी भूल देणार नाही, लिहून घ्या. ते म्हणाले, “अरे मॅडम, आप तो इमोशनल हो गईं.” संताप संताप झाला माझा.

आणि त्याच आठवड्यात संदीप आला.

सकाळची वेळ. सातारा जिल्ह्यातला मुलगा, इथल्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. कामावर जाताना त्याच्या मोटारसायकलला डंपरने उडवलं. त्याला आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. डाव्या छातीवर सरांनी कान टेकवला आणि मला खूण केली. मी स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसाच्या जागी पोटातली गुरगुर ऐकू येत होती. नाकातून जठरात घातलेली नळी एक्स-रेत वळसा घेऊन छातीत बसलेली दिसली. शंकेला जागाच नव्हती. जठर वर गेलं होतं आणि हृदयाला उजवीकडे ढकलत होतं.

बाहेर त्याची बायको, सुवर्णा. पंचविशीची असेल. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. सरांना बघितलं आणि धावत आली. “सर, तुम्ही मंडळात बोलला होता ना? पडद्याचे डॉक्टर तुम्हीच ना?”

“हो, मीच.”

“मग तुमच्याच हातानं करा, सर. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. माझं हितं कुणी नाही.”

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मीच करणार. घाबरू नकोस.”

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पोरीने सगळ्या हॉस्पिटलात नेमका एकच माणूस मागितला होता, तोही भाषण ऐकून.

हात धुवायच्या जागी मी सरांच्या शेजारी उभी राहिले. भूल देणार नाही म्हणणं सोपं होतं, पण दुसरा भूलतज्ज्ञ यायला लागणारा वेळ संदीपकडे नव्हता. मी म्हटलं, “सर, निधीला करू द्या. पाया पडते.”

“मी शब्द दिलाय.”

“तुम्ही शब्द तोंडाने दिलाय. टाके हाताने घालायचेत.”

सर ब्रशने नखं घासत राहिले. खूप वेळ घासत होते. मी म्हटलं, “मग ऐका. हात हलला तर मी बोलणार. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.”

“बोला,” सर म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

संदीपला भूल दिली. पोट उघडलं. फाटलेल्या जागेतून सरांनी जठर हलक्या हाताने खाली ओढून आणलं, प्लीहा खाली आणली, ती फाटली नव्हती हे नशीब. ओढायच्या कामात त्यांचा हात अजूनही तोच होता, जाणता, न घाबरणारा. ऑक्सिजन झरझर वर आला. ओठ गुलाबी झाले. मी मनात म्हटलं, देवा, आता इथेच थांबव यांना. पण फाटलेला भाग आता समोर होता. लांब, वाकडा, आणि त्याचं वरचं टोक थेट हृदयाच्या आवरणापर्यंत गेलेलं. तिथे पडद्यावर हृदयाचा एकेक ठोका दिसत होता.

सिस्टरने सुई दिली. सर म्हणाले, “थांबवा.”

मी मशीन थांबवलं.

सुई खाली गेली नाही. सर वाट बघत होते. मॉनिटरवरचा आकडा एकेक करत उतरायला लागला. “थांबवा ना, बाई. हलतोय.”

“सर, मशीन थांबलंय.”

“मग हृदयाची धडक आहे ही.”

निधी समोर उभी होती, तिला मराठी कळत नव्हतं, पण तिचे डोळे सुईवर होते. मी म्हटलं, “सर, सुई अजून पडद्याला लागलेली नाही. हवेत आहे.”

सरांनी खाली पाहिलं. सुई खरंच अधांतरी होती, पडद्यापासून बोटभर वर, आणि थरथरत होती. सर तिच्याकडे असे बघत राहिले की जणू ती दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. मग म्हणाले, “चालू करा.” मी श्वास सुरू केला.

“निधी, इधर आओ.”

“सर?”

“मेरे जगह पे. आओ.”

टेबलाभोवती फिरून दोघांनी जागा बदलल्या. सर्जनने आपली बाजू सोडून समोर जाणं ही किती मोठी गोष्ट असते ते बाहेरच्याला कळणार नाही. मंदिरातल्या पुजाऱ्याने उठून रांगेत उभं राहावं तसं. सरांनी समोरून जठर खाली दाबून धरलं, दुसऱ्या हाताने यकृत बाजूला केलं. दाब देऊन धरलं की त्यांचा हात स्थिर राहायचा. निधीने सुई घेतली आणि थबकली. तिला “थांबवा” म्हणायची सवय नव्हती. सरच म्हणाले, “बाई, थांबवा.” आणि तिला, “ऊपर का टोक पहले. सुई लेटाके. हृदय को मत देखो, सुई को देखो. हां.”

ती पोर काय शिवत होती! मॉनिटरने एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटच्या टाक्याआधी छातीतली हवा काढली, मग शिवणीवर पाणी ओतलं आणि सर म्हणाले, “फुगवा बाई.” मी फुप्फुस फुगवलं. पाण्यात एक बुडबुडा आला नाही. सरांनी खाली वाकून नीट बघितलं, पुन्हा फुगवायला लावलं, पुन्हा बघितलं. “बरा है,” म्हणाले. निधीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मास्क ओला झाला. हात निर्जंतुक, पुसायचं कसं? सिस्टरने पुसलं.

बाहेर आलो तेव्हा डायरेक्टरही होते, मंडळाचे दोघंतिघंही जमले होते. सुवर्णा बाकावरून उठली. सर म्हणाले, “वाचला. उद्यापर्यंत मशीनवर ठेवू, मग बोलेल तुझ्याशी.” तिने सरांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. “सर, तुमच्या हातानं वाचला.”

“माझ्या नाही,” सर म्हणाले. “हिच्या. मी नाही केलं ऑपरेशन.”

सुवर्णा रडता रडता हसली. “मोठी माणसं असंच म्हणत्यात.”

“अगं, खरंच नाही केलं!” सर चिडले. “ही निधी. हिनं शिवलं. मी समोर उभा होतो.”

सुवर्णाने निधीला वाकून नमस्कार केला. सरांचा हात मात्र सोडला नव्हता. मग तिने त्या हाताकडे बघितलं. “अगंबाई! सर, किती थरथरतोय हो तुमचा हात!”

डायरेक्टर छताकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. मंडळाच्या लोकांनी एकदम आपापले मोबाइल काढले. इतक्या शिकलेल्या माणसांनी वर्षभर ज्याच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या ते त्या पोरीने कॉरिडॉरमध्ये, भर दिवसा, मोठ्यांदा सांगून टाकलं.

सर तिच्या हातातल्या आपल्या हाताकडे बघत होते. “हो गं,” म्हणाले. “थरथरतो. बरेच दिवस झाले.”

“मग दाखवला नाही का कुणाला?”

“नाही.”

“असं कसं? एवढं मोठं हॉस्पिटल हाय की!”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्ही कसंबसं गिळलं. सर मात्र हसले. खरंखुरं, कान हलेपर्यंत हसले. सुवर्णा माझ्याकडे वळली. “ताई, हाताचं कुठं दाखवत्यात?”

“दुसऱ्या मजल्यावर,” मी म्हटलं.

“मग न्या की त्यांना कुणीतरी. मी हितनं हलू शकत नाही.” आणि तिने सरांचा हात स्वतःच्या हातातून काढून निधीच्या हातात दिला.

आता सर पुण्याला मुलीकडे असतात, औषध चालू आहे, फोनवर मला अजून वजनावरून बोलतात. पण हॉस्पिटलच्या कपड्यांत ते मला दिसले ते त्या दिवशी शेवटचे. निधी त्यांना लिफ्टकडे घेऊन चालली होती. सर तिला सुई कशी आडवी धरायची होती ते तुटक्या हिंदीत सांगत होते, मोकळ्या डाव्या हाताने. उजवा हात तिच्या हातात थरथरत होता, आणि तो लपवायची सर काहीही धडपड करत नव्हते.